खोपडेवाडीनं पोचवलेला पावणा

कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य होतं, खासबागेतलं कुस्तीचं मैदान नवं नवं बांधलं होतं आणि गावात माणसाची किंमत छातीच्या रुंदीवर ठरत होती. अशा गावात मीरासाब दर्जी पाच फुटांचा निघाला, तोही फेट्यासकट. पण वरच्यानं कापड आखूड बेतलं तरी हौसेची शिवण मात्र सैल मारली होती.

ती हौस म्हणजे सायकल. रेसिडेन्सीतला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा मडमेचे झगे वेळेत शिवून दिले म्हणून खूश होऊन त्यानं आपली सायकल मीरासाबला बक्षीस दिली. साहेब ताडमाड, सायकल साहेबाच्या मापाची. थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगाला बसवून देण्यात मीरासाबचा हात कुणी धरला नसता, पण लोखंड काय दुमडून आत घालणार? लोहाराकडे नेली. त्यानं सीट खाली ठोकायला घेतली, ती खाली न जाता वाकडी झाली. "आता हाय तशी ऱ्हाऊ दे," लोहार म्हणाला, "तूच वाईच वाढ."

वयाच्या चाळिशीत वाढणं जमेना. पण मीरासाब चालवायला शिकला, आणि फर्मास शिकला. पायडल वर आलं की त्याच्या पायाला भेटे, खाली गेलं की दोघं आपापल्या वाटेनं जात आणि पुढच्या फेरीला पुन्हा भेटत. उतरायचंही अडत नसे. वेग कमी करून एका बाजूला पडायचं आणि पडताना आपल्या मनात होतं असं तोंड करायचं. अडत होतं ते चढताना. टांग मारावी तर ती दांडीपर्यंत पोचून परत येई. दांडीखालून पाय घालून चालवणं पोरासोरांचं काम. तेव्हा सायकल कशाला तरी टेकवायची, त्या कशावर तरी चढायचं आणि तिथून घोड्यावर बसावं तसं बसायचं. घरी दुकानाचा ओटा होता. बाहेरगावी काय?

रविवारी बाजार, म्हणून सोमवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी मीरासाब सायकलीवर बसून निघे तो कधी वडणग्याच्या तळ्याकडे, कधी चिखलीच्या संगमावर, कधी वडगावच्या रस्त्याला. वारा खावा, उसाचे मळे बघावेत, दुपारी घरी यावं, एवढाच मतलब. पण दम खायला थांबायचं तर परत चढता येईल अशाच जागी थांबायला हवं. अशा जागा खेड्यात कुठल्या? देवळाचा चौथरा, पिंपळाचा पार, एखादी पडकी समाधी, नाहीतर गावाबाहेर आडवा पडलेला वीरगळ. मीरासाब त्या दगडाभोवती फिरे, त्याची उंची नजरेनं मोजे, हलतोय का ते हातानं बघे, आणि आता टाच कुठं ठेवावी या विचारात बराच वेळ उभा राही.

तेवढ्यात गाव जमे.

"काय बगताय, पावणं?"

चढायला जागा बघतोय, असं भरल्या गावात कसं सांगायचं? मीरासाब म्हणे, "दगड बगतोय."

"आमचा दगड?"

"व्हय. लई जुना हाय."

झालं. ज्या दगडावर इतके दिवस म्हशी अंग घाशीत होत्या, तो दुसऱ्या दिवशी धुऊन निघे. पाहता पाहता पंचक्रोशीत बोलबाला झाला की कोल्हापूरचा कुणी एक जाणकार खास सायकलीवरून दगड बघत हिंडतो, आणि दगडात काही असल्याखेरीज तो उतरत नाही. ज्या गावी उतरला त्या गावाची मान ताठ झाली. जिथनं तो तसाच पुढं गेला त्या गावाला सोयरे हिणवू लागले. "तुमच्यात हाय काय बगन्यासारखं? मीरासाबबी थांबला न्हाय!"

ही कीर्ती ज्या घरात पोचली नाही असं कोल्हापुरात एकच घर होतं, ते मीरासाबचं. त्याची बायको जुलेखा रोज त्याला ओट्यावरून चढताना बघत होती. तिनं एकदाच सांगून ठेवलं होतं. "हिंडा. पण ज्या दिवशी ही घोडी हातात धरून चालत घरला याल, त्या दिवशी ती मोडीत गेली म्हणून समजा. नवरा चालतोय आणि गाडी बसून ऱ्हायलीय, असली शोभा मला पेठेत नको."

तेव्हापासून मीरासाब थांबायच्या आधी चारदा विचार करी. सायकल गेली असती तर सोमवार गेला असता, आणि सोमवार गेला असता तर बाकीचे सहा दिवस दुसऱ्यांच्या बाह्या शिवण्यापलीकडं त्याच्या आयुष्यात फारसं काही उरत नव्हतं.

आता खोपडेवाडी. वडगावच्या रस्त्यावरचं, काळ्या रानातलं सपाट गाव. वेशीवर पार नाही, देवळाला चौथरा नाही, दगड म्हणाल तर भाकरीचं पीठ दळायच्या जात्यातला. मीरासाब तिथं घंटी वाजवत येई आणि घंटी वाजवत जाई. खोपडेवाडीचे पाटील बाळासो. त्यांच्या पोराचं लग्न ठरता ठरता राहिलं, तेव्हा त्यांनी त्याचा दोष थेट मीरासाबच्या घंटीवर ठेवला.

"आपल्यात बारव हाय की!" ते चावडीत गरजले. "पांडवांनी एका रात्रीत खणलेली!"

पांडवांनी त्या भागात एका रात्रीत इतकं खणकाम केलं होतं की वनवासात ते झोपले कधी, हा प्रश्नच होता. पण बारव होती खरी. रस्त्यापासून आत, जमिनीच्या खाली, पायऱ्यांनी उतरायची, चिरेबंदी. खाली असल्यामुळं ती दिसत नव्हती आणि चढायलाही उपयोगाची नव्हती.

एका सोमवारी गावानं रस्त्यात बैलगाडी आडवी लावली. मीरासाब आला, घंटी वाजवली, गाडी हलली नाही, आणि तो आपल्या मनात होतं असं तोंड करून खाली पडला.

"या पावणं! या!" गाव म्हणालं.

पाहुणा एकदा हातात सापडला की त्याची सुटका खाल्ल्याशिवाय नाही. गुऱ्हाळ लागलं होतं. आधी ताजा गूळ, मग काकवी, मग उसाचा रस, मग "काय खाल्लंच न्हाय की" म्हणून पिठलं-भाकरी. बाळासोंची आई धोंडुबाई समोर बसून आग्रह करत होती आणि ती वाढून झाल्यावर विचारत होती, "वाढू का?" मग गावानं त्याला बारवेत उतरवलं. खाली गारवा होता. भिंतीत दगडी कोनाडे होते, पाण्यात आभाळाचा चौकोन हलत होता. मीरासाब आयुष्यात पहिल्यांदा एखादा दगड चढायचा विचार न करता बघत होता.

"कशी हाय?" बाळासोंनी विचारलं.

"झकास हाय," मीरासाब म्हणाला, आणि तो खरं बोलला.

गाव धन्य झालं. पण वर आल्यावर मीरासाबनं चौफेर पाहिलं. जिकडं बघावं तिकडं सपाट. घरांना ओटे होते, पण पन्नास डोळ्यांदेखत कुणाच्या ओट्यावर सायकल लावून वर सरपटायचं? दगडांच्या जाणकारानं?

"येतो," तो म्हणाला आणि सायकल हातात धरून चालू लागला. गाव नजरेआड झालं की एखादा बांध गाठावा, असा त्याचा बेत.

पण पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची रीत. सगळं गाव निघालं. वेस आली. पाहुणा गाडीवर बसल्याखेरीज माघारी फिरणं वंगाळ दिसतं, म्हणून गाव फिरेना. गाव फिरल्याखेरीज पाहुण्याला चढता येईना.

"आता फिरा की मागं," मीरासाब म्हणाला.

"तुमी बसा, मग फिरतो."

"बसतो की. जरा चालावं म्हणतो. जेवण जास्त झालंय."

"मग आमीबी चालतो. आमचंबी झालंय."

मैलाचा दगड आला. बुटका होता, वर निमुळता. पुढच्या मळ्यात पाटाचा बांध होता, पण त्यावर आधीच खोपडेवाडीची पोरं चढून गंमत बघत होती. शिरोली आली. तिथले लोक विचारू लागले, "काय वरात हाय काय?" बाळासो छाती काढून म्हणाले, "मीरासाब आमच्यात उतरलंतं. पोचवायला निघालोय." हे ऐकून एक हलगीवाला आपणहून सामील झाला. मग पूल आला. कठडा मीरासाबच्या मापाचा होता, पण त्याच्या एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला पंचगंगा. तोल उजवीकडं जायचा की डावीकडं, हे त्याच्या सायकलीनं आजवर कधी आधी कळवलं नव्हतं.

पूल ओलांडला. कोल्हापूरचे वाडे दिसू लागले. आता थोड्या वेळात पेठ, मग घर, मग दारात जुलेखा.

धोंडुबाई इतका वेळ त्याच्या शेजारून चालत होती. ती थांबली, पदर खोचला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं, "का रं लेका, चढाया येत न्हाय व्हय तुला?"

हलगी थांबली. मीरासाबनं फेटा काढला, घाम पुसला आणि सगळं सांगून टाकलं. साहेबाची उंची, आपली टांग, दगडांचं कारण आणि बायकोची अट.

बाळासो लालबुंद झाले. "म्हंजे, तुमी दगड बगत न्हवता?"

"न्हाय. पण बारव बघितली," मीरासाब म्हणाला. "नुसती बारवच बघितली, पाटील. आईशप्पत."

बाळासोंनी यावर विचार केला. बाकीच्या गावांत तो चढायला थांबला होता, आणि बघायला म्हणून एकट्या खोपडेवाडीत. त्यांचा चेहरा हळूहळू इतका फुलला की मिशा दोन्ही कानांना लागल्या.

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय, मर्दा!" धोंडुबाई म्हणाली. "नवरदेवाला घोड्यावर आमी बसवत न्हाय का? ए सयाजी, उचल रं ह्येला!"

सयाजी तालमीतला गडी. त्यानं मीरासाबला बखोटीला धरून सीटवर ठेवला, फळीवर डबा ठेवावा तसा. पण रस्त्यात आता इतकी गर्दी की सायकल चालवायला जागा नव्हती. मग चार जणांनी सायकलच खांद्यावर घेतली. हलगी कडाडली. मीरासाब दोन्ही हातांनी हँडल धरून, पेठेतल्या माड्यांच्या खिडक्यांशी नजर भिडवत घराकडं निघाला. हवेतल्या हवेत त्यानं सवयीनं दोनदा घंटीही वाजवली.

जुलेखा दारात आली. आधी तिनं खांदे बघितले, मग सायकल, मग वर नवरा.

"चालत आलात?"

"न्हाय!" खोपडेवाडी एका तोंडानं ओरडली.

"पूल वलांडल्यापास्नं पाय भुईला लागू दिला न्हाय," धोंडुबाई म्हणाली. जरा थांबून तिनं भर घातली, "त्याच्या आदीचं इचारू नगंस, बाई."

जुलेखानं ओठ दाबले. हसू दाबायचं होतं की शिवी, हे मीरासाबला वरून नीट दिसेना. मग तिची नजर गर्दीवर गेली. एवढी माणसं उन्हातून चालत दारात आलेली, आणि अजून कुणाला पाणी विचारलेलं नाही.

"उतरवा त्यांना," ती म्हणाली. "आणि ती घोडी आत घ्या, मधल्या खोलीत. उन्हात तापतीय. मोडीत घालायची ते पुढं कधी बघू. बसा, पावणं."

शेजारच्या चार चुली पेटल्या. भात शिजला, रस्सा झाला, आणि या खेपेला धोंडुबाईच्या ताटात जुलेखा वाढून झाल्यावर विचारत होती, "वाढू का?"

ऊन उतरलं तशी खोपडेवाडी उठली.

"वेशीपर्यंत पोचवून या," जुलेखा नवऱ्याला म्हणाली. "चालत जावा. आज चालत आलात तरी चालंल."

मीरासाब निघाला. पेठेची वेस गेली, नदी आली, पूल गेला. गप्पा रंगल्या होत्या. शिरोलीच्या तोंडाशी बाळासो थांबले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बास, आता फिरा मागं."

"बरं, येतो."

मीरासाब वळला. बाळासोंनी त्याच्याकडं पाहिलं, मोकळ्या रस्त्याकडं पाहिलं, आणि सगळ्या गावाला हाक मारली.

"आरं, एकटाच जातोय की ह्यो! चला, घरापतोर सोडून येऊ."