हरकत असेल तर बोला

आमच्या चर्चच्या मंडळीनं तरुणी संघाचा सुवर्णमहोत्सव करायचं ठरवलंय. मला म्हणतात, "ताईंबद्दल दोन गोड शब्द बोला." गोड! ज्यांनी संघाच्या खोलीला कुलूप ठोकलं, ते आता तिथं पताका लावणार आणि मी साखर पेरायची? माझ्या तोंडून गोड काही निघायचं नाही. जे घडलं ते सांगते.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर चाकाशी वाकून बसायची, त्यामुळे मान कायम पुढे आणि नखांत पांढरी पूड. आवाज मात्र असा, की मंडळीतली माणसं तिला पाठीमागे 'तोफ' म्हणायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "माझ्या नंबरचा मिळाला नाही."

संघ तिनं काढला, कारण आमच्या मंडळीत मुलींना कामं दोनच. फुलं लावा आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना चहा द्या. चर्चच्या मागे मोडक्या बाकांची एक खोली होती. ती झाडून घेऊन दर शनिवारी संध्याकाळी ताई आम्हाला गोल बसवायची. नियम एकच होता. प्रत्येकीनं आपला प्रार्थनेचा विषय स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा. कुणी पुटपुटली की ताई खेकसायची, "देवाला ऐकू येतं गं, मला येत नाही. परत सांग!"

विषय तरी कसले? गणिताची परीक्षा, आईचा गुडघा. आणि एका शनिवारी मी म्हणाले, "माझं लग्न होऊ नये."

मला नुकतंच अठरावं संपलं होतं. नवरा मुलगा म्हणजे पंचांपैकीच एक, बायको वारलेला, माझ्या वडिलांपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान. वडील त्याच्याच गोदामात कामाला. नाही म्हणायची सोयच नव्हती. आईनं तर मला रडायलाही बंदी केली होती, डोळे सुजतील म्हणून.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं उपासनेत वाचतात आणि विचारतात, कुणाची हरकत असेल तर बोला. तोवर कुणी बोललेलं नव्हतं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, ते वाक्य एका दमात उरकून पुढच्या गीताचा नंबर सांगायचे. पहिल्या रविवारी ताई उभी राहिली.

"माझी हरकत आहे. मुलीला कुणी विचारलेलं नाही."

"तुम्ही मुलीच्या कोण?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. जे कोण आहेत ते गप्प बसलेत, म्हणून मी बोलतेय."

पंचांचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या रविवारी दोन पंच फाटकावर उभे, ताईला आत सोडेनात. नावं वाचली गेली, कुणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या रविवारीही ताई फाटकाबाहेरच. पाळकांनी नावं वाचली आणि मी उठले. आईनं हात ओढला. मी तो सोडवून घेतला. शनिवारची सवय कामाला आली.

"माझी हरकत आहे."

पाळकसाहेब चष्म्यावरून बघत राहिले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाळ, हरकत इतरांनी घ्यायची असते. वधूनं नाही."

आजही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लग्न माझं, आणि बोलायचं मी सोडून सगळ्यांनी!

मागच्या बाकावरून बेकरीवाल्याची मुलगी उठली. "मग माझी आहे."

तिच्या शेजारची उठली. "माझी पण."

मग एकेक करत संघातली प्रत्येक मुलगी उठली. नवरा मुलगा बाजूच्या दारानं निघून गेला. पाळकांनी पुस्तक मिटलं. त्याच संध्याकाळी आमच्या खोलीला कुलूप बसलं आणि पुढे कितीतरी वर्षं संघ चष्म्याच्या दुकानामागे भरत राहिला. पण ते नंतरचं.

मी धावत फाटकाशी गेले. ताईला आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

"मोडलं, ताई. मी बोलले."

"मोठ्यानं?"

"हो. पण ते म्हणाले, वधूची हरकत चालत नाही. मग आपल्या सगळ्या जणी उठल्या."

ताईनं माझे दोन्ही दंड घट्ट धरले. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"एका मुलीला नाही म्हणायचं, तर इतक्या जणी लागतात?" ती ओरडली, आणि रस्त्यातच ढसाढसा रडायला लागली.