बाबांच्या खिशातला फ्यूज

भूतबीत, आत्माबित्मा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नाशिकला अंबडच्या बाजूला, बुद्धविहारामागच्या कॉलनीत राहतो आम्ही. घरात अंगारे-धुपारे कधी शिरलेच नाहीत. त्यात मी आयटीआय केलेली इलेक्ट्रिशियन, एका कारखान्यात मेंटेनन्सला. दिवा फडफडला की लोकांना भूत दिसतं, मला लूज कनेक्शन दिसतं. तरीही हे सांगतेय...

बाबाही वायरमन होते. त्यांचा एक नियम — वायरिंगला हात लावायचा तर आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. बोर्डाजवळ ठेवला की कोणीतरी शहाणा परत लावणारच! काम झालं की ओरडायचे, "हात काढले का सगळ्यांनी?" आम्ही "काढले!" म्हटल्याशिवाय फ्यूज खिशाबाहेर यायचा नाही. बाबा जाऊन काही वर्षं झाली, पण त्यांचा खाकी शर्ट आईने दारामागच्या खुंटीवरून हलवलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात कूलर लावला की फ्यूज उडायचा. माझा धाकटा भाऊ विनोद वैतागला आणि एका सकाळी फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार पिळून कामाला गेला. मला पत्ताच नाही. फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते, करंट जास्त झाला की आधी ती वितळावी म्हणून. उडणारा फ्यूज बिघाडाची खबर देत असतो. आमच्या विन्याने खबर देणाऱ्याचंच तोंड बांधलं.

दुपारी मी फर्स्ट शिफ्टवरून आले. उंबऱ्यात चप्पल काढत होते. कूलर चालू, आणि आई ओल्या हातांनी त्यात बादलीने पाणी ओतायला निघालेली. तिचा हात कूलरच्या पत्र्याला लागणार, तेवढ्यात कूलर बंद पडला.

"गेली वाटतं लाईट," म्हणत आईने बादली खाली ठेवली.

शेजारचा टीव्ही मात्र चालूच होता. बोर्डाकडे पाहिलं तर फ्यूजची जागा रिकामी. तार जिच्यात बसते ती चिनीमातीची आख्खी ग्रिपच गायब... उडाला असता तर जागेवर असता ना!

घर पालथं घातलं. शेवटी आई म्हणाली, "सुमे, त्यांच्या खिशात बघ बरं."

मी जरा चिडूनच शर्टाच्या खिशात हात घातला. ग्रिप तिथेच होती. विनोदच्या जाड तारेसकट, आणि हाताला चांगली गरम लागली.

मग मीटर लावून कूलर तपासला. आतली वायर घासून पत्र्याला टेकली होती. जाड तारेमुळे फ्यूज काही उडाला नाही. त्याऐवजी पत्र्यातला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायरच जळून तुटली होती. म्हणजे कूलर चालू असताना सगळ्या पत्र्यात करंट खेळत होता. आईला घट्ट धरून मी बसून राहिले.

विनोद म्हणतो, "ताई, तूच काढला असशील आणि विसरली असशील." पण बोर्डाला हात पुरायला मलाही स्टूल लागतं, आणि आईचे गुडघे तिला स्टुलावर चढू देत नाहीत. घरात तिसरं कोणी नव्हतं. कुठल्या करंटला कुठली तार ते मला विचारा, सांगेन. फ्यूज खिशात कसा गेला, ते मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी वायर बदलली, अर्थिंग जोडलं, फ्यूजला योग्य ती बारीक तार बांधली. बोर्डात बसवणार, तर आईने ग्रिप माझ्या हातून घेतली आणि पुन्हा शर्टाच्या खिशात टाकली.

"थांब. त्यांना इचारल्याबिगर नाय."

ती शर्टासमोर क्षणभर उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "काढले हो हात सगळ्यांनी," आणि फ्यूज काढून माझ्या हातात दिला.