बाहुलीच्या मानेतला खळगा

कळंबच्या बंगल्यात मी आणि माझी सासू, दोघी कामाला होतो. सासूला मी आत्या म्हणते. ती स्वयंपाक करायची, मी केरवारा आणि धुणं. बंगल्यात म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर देव आणि खालच्या फळीवर दोन बाहुल्या होत्या. डोकं, हात, पाय चिनीमातीचे, बाकी अंग कापडाचं. दोघींचे केस काळे, झगे सारखे. एक बाईंच्या आजीच्या वेळची होती. दुसरी तिच्यासारखी हुबेहूब केलेली, त्यांच्या मुलाने आणलेली.

बाईंना दिसायचं कमी झालं तेव्हा त्यांनी मला फरक शिकवला. "रंग बघू नकोस, रंग फसवतो. बोट घाल." दोघींच्याही चिनीमातीच्या खांद्याची कड कापडापासून उसवली होती, तिथून त्यांनी माझं बोट आत घालायला लावलं. नवी आतून पेल्यासारखी गुळगुळीत लागली. जुनी खडबडीत, आणि मानेमागे एक खळगा. माती साच्यात दाबताना कुणाचा तरी अंगठा तिथे रुतला होता.

"आम्ही दोघी बहिणी आळीपाळीने यात बोट घालायचो," बाई म्हणाल्या. बहीण लहानपणीच तापाने गेली होती. "मी गेले की ही माझ्या हातात दे. मुलगा चकचकीत असेल ती उचलेल. तू चुकू नकोस."

मी मान हलवली. मला जास्त बोलता येत नाही.

जुन्या बाहुलीला कानापासून गळ्यापर्यंत तडा होता. आत्याला तो खुपायचा.

"भंगलेलं देवाखाली ठेवतात काय गं?"

"ती बाहुली हाय, आत्या."

"डोळं हायेत ना तिला? नाक हाय? मग झालं तर. चौथी शिकलीस म्हणून मला शिकवतेस."

पावसाच्या शेवटी बाईंनी अंथरूण धरलं. त्यातच माझा बाप आजारी पडला म्हणून मी लोधिवलीला माहेरी गेले. परत आले तर फळीवर एकच बाहुली.

"सोडली पाण्यात," आत्या म्हणाली. "हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नव्या खणात गुंडाळली. उपास पण धरलाय. आता बघ बाईला उतार पडतो का नाय."

तिचे डोळे रडून सुजले होते. मी नदीवर जाऊन आले. पाणी गढूळ आणि ओढीचं होतं.

त्याच दुपारी बाईंनी बाहुली मागितली. आत्या त्यांचे पाय चेपत होती. मी उरलेली बाहुली त्यांच्या हातात दिली. त्यांचं बोट आत गेलं, बराच वेळ फिरत राहिलं.

"ही नव्हे गं. दुसरी दे."

"दुसरी नाय आता, बाय," आत्याच बोलली. "भंगली व्हती ती. मी नदीत सोडली. तुमची पीडा घेऊन गेली बघा."

बाईंनी बोट बाहेर काढलं. मग, कुणी पाणी आणून दिल्यावर म्हणतात तशा आवाजात म्हणाल्या, "बरं केलंस." बाहुली त्यांनी उशीवरून हळूच बाजूला सारली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. जेवणही नाही.

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. मुलगा आला. कपाटातली बाहुली त्याने स्वतः आणली. "आईच्या आजीच्या वेळची आहे, तिचा जीव होता हिच्यावर," असं जमलेल्यांना सांगत त्याने ती आईच्या हातात ठेवली. पण बाईंच्या मुठी घट्ट मिटल्या होत्या. बाहुली दोनदा घसरली. मग त्याने ती उचलून परत फळीवर ठेवली. मी दाराशी उभी होते.

उन्हाळ्यात नदी आटली की पुलाखाली लोकांनी सोडलेलं सगळं उघडं पडतं. देवांच्या तसबिरींच्या चौकटी, नारळाच्या करवंट्या, गणपतीचा एखादा हात. धुणं आपटून झालं की मी तिथे वाकून पांढरं काही दिसेल ते उचलायची. बहुतेक कपबशांचे तुकडे निघायचे.

"काय शोधतेस गं?" आत्याने काठावरून विचारलं.

"काय नाय."

ती दगडावर टेकली. "बाई गेली, पन हाल झाले नाय तिचे. बाहुलीनं सगळं ओढून नेलं."

मी हो म्हटलं आणि हातातला तुकडा उलटा करून आतून बोट फिरवलं. गुळगुळीत होता.