कापसाची खिडकी

पोहे झाकून ठेवलेले, शिक्षक नवऱ्याचा डबा अर्धा भरलेला आणि दामिनीच्या हातात अजून कोथिंबिरीची जुडी, तेवढ्यात दार वाजलं. जैनथ गावच्या शकुबाई उभ्या होत्या. पहिल्या बसनं आलेल्या, चेहरा उतरलेला.

"ताई, आमच्या यायनं खिडकी बुजवाचं काढलं. गवंडी येऊन राह्यला आज."

दामिनीनं त्यांना आत बसवून आधी पोह्यांची ताटली हातात दिली. ही खिडकी काही साधीसुधी नव्हती.

नागपूरहून इंटिरियरचा कोर्स करून दामिनी आदिलाबादला परतली, तेव्हा लोक हसले होते. "घर सजवाले बी शिका लागते काय?" तिचं पहिलं काम शकुबाईंच्या नवऱ्याचं, बाबारावांचं. त्यांना हॉटेलासारखा हॉल हवा होता; सोफा, शोकेस, चमकतं छत. दामिनीनं कागदावर रेघ ओढायच्या आधी एक सकाळ नुसती त्यांच्या स्वयंपाकघरात बसून काढली. आजही ती तसंच करते. तिथं तिला कळलं, की दिवाळीपासून भाव चढेपर्यंत हॉलमध्ये कापूसच राहतो. सोफा असता तर तो अंगणात ताडपत्रीखाली गेला असता आणि त्यावर शेळ्या बसल्या असत्या. शिवाय कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन शकुबाईंच्या फेऱ्या स्वयंपाकघरातूनच, त्यामुळे वरणातसुद्धा तंतू.

तिनं सोफा सरळ रद्द केला. भिंतीला दुमडते लाकडी बाक लावले आणि रस्त्याकडच्या भिंतीत पुरुषभर उंचीची, गडद निळी खिडकी काढली. ट्रॅक्टरची ट्रॉली खिडकीला लावायची, कापूस थेट आत. गावानं टिंगल केली खरी, पण पुढच्या हंगामात तशाच चार खिडक्या झाल्या. आता पार तामसीपर्यंत लोक दामिनीची खिडकी मागतात.

दोघी जैनथला पोचल्या, तर अंगणात विटा उतरलेल्या.

"काका, काऊन बुजवता?" दामिनीनं विचारलं.

"पोराचं घर पाहाले पोरीवाले येऊन राह्यले उद्या," बाबाराव नजर चुकवत म्हणाले. "हॉलमधी कापूस पाहून म्हणतीन, गोडाऊनमधी पोरगी द्याव काय?"

"अन् मंग गाठोडे कोण वाहीन? तुमी?" शकुबाई म्हणाल्या. "माही मान तर गेली कामातून."

गवंडी गालात हसला.

"उद्याचा दिवस जाऊ द्या," दामिनी म्हणाली. "पाहुण्यांनी नाक मुरडलं, तर परवा मीच विटा लावून देते."

बोलून तर गेली, पण परतीच्या ऑटोत ती वाटेतल्या तशा खिडक्या मोजत राहिली. पहिलीच खिडकी बुजली, तर बाकीच्या किती दिवस टिकणार?

दुसऱ्या दिवशी ती वेळेआधीच हजर. कापूस छातीएवढा रचलेला, पुढं बाक उघडलेले. मुलीची आई बाकावर टेकली, बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "आपला कापूस झोपाच्या खोलीत हाय. म्हनून आपुन झोपतो ओसरीत. हे पाहा जरा."

सोयरिकीचं बोलणं राहिलं बाजूला. पाहुणे खिडकीची मापंच विचारत बसले. मग कधीतरी साखर वाटली गेली.

पाहुणे गेल्यावर बाबाराव स्वतः चहाचा कप घेऊन आले.

"चुकलंच माहं. बोला ताई, काय देऊ तुमाले?"

"काही नको, काका. इथून पुढं घरात काही पाडायचं, बुजवायचं झालं, तर आधी शकुमावशीला विचारा."