चुलीतला च, चिमणीतला च

अल्लीपूरच्या धुरपताबाई झाडे आपल्या लेकीच्या कॉम्प्युटरमधून बोलणाऱ्या माणसाला ‘पावना’ म्हणायच्या. सकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला त्या ओसरीत बसल्या, की आतल्या खोलीतून त्याचा आवाज सुरू व्हायचा आणि इकडे यांचं पुटपुटणं.

“आला पावना. मराठी बोलते बिचारा, पन आपल्याइकडला नाई. लय लांबून आला वाटते. जेवला का, इचार त्याले.”

लेक, म्हणजे उज्वला, हसायची आणि काम करत राहायची. चाळिशीला टेकलेली उज्वला हिंगणघाटच्या एका शाळेत मराठी शिकवायची. लहानपणी एका तापात तिची दृष्टी गेली. पुढचं शिक्षण नागपूरला ब्रेलवर झालं, नोकरी लागली आणि अल्लीपूरहून एसटीनं येणं-जाणं सुरू झालं. घरी भाऊ किशोर आणि वहिनी मोहिनी वांगी, चवळी, पालेभाजी पिकवायचे. ओसरीत भाजी निवडायची आणि आत उज्वला परीक्षेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायची, असा घरचा रिवाज होता.

कॉम्प्युटरच्या आणि फोनच्या पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवायचं ते ‘वोझेला’ नावाचं एक सॉफ्टवेअर. पोर्तुगालमध्ये सुरू झालेलं, फुकट मिळणारं. उज्वलानं त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता, की दुसऱ्याला ते कढईत फुटाणे फुटल्यासारखं ऐकू यायचं. तिला मात्र शब्दन् शब्द कळायचा. कळायचा, पण खटकायचाही.

कारण मराठीत च दोन आहेत. चिमणीतला वेगळा आणि चुलीतला वेगळा. लिहायला अक्षर एकच, आणि बोलताना आपण त्याचा विचारही करत नाही. ज आणि झ यांचंही तसंच. जिऱ्यातला ज निराळा, जात्यातला निराळा. वोझेलाला यातला पहिलाच प्रकार ठाऊक होता. चूल, चवळी, जातं, माझा, सगळं तो हिंदीच्या वळणावर बोलायचा. खुद्द उज्वलाचं आडनावही तो झाडातल्या झ ऐवजी झेंड्यातला झ लावून उच्चारायचा. फुकटच्या वस्तूला नावं काय ठेवायची, म्हणून ती गप्प होती.

मग एक दिवस आठवीच्या वर्गात एक धडा वाचून दाखवताना ‘चुलीत जाळ घातला’ असं वाक्य आलं. उज्वलाची बोटं ब्रेलवरून फिरली आणि तोंडातून बाहेर पडला चिमणीतला च आणि जिऱ्यातला ज. वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमी तं हिंदी शिरियलमधल्या बाईसारख्या बोलल्या!”

उज्वलाही हसली. पण परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर तिचं ते हसू टिकलं नाही. दिवसभर तोच आवाज कानात. ऐकता ऐकता आपली जीभही त्याच्या मागे चालली की काय? घरी आल्या आल्या तिनं आईला हे सांगितलं. धुरपताबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

“मंग त्याले शिकव ना,” त्या म्हणाल्या. “तू मास्तरीन हायेस का नाई?”

वोझेला ओपन सोर्स आहे हे उज्वलाला ऐकून माहीत होतं. म्हणजे त्याच्या आतलं लिखाण कुणालाही उघडून बघता येतं, आपल्या मशीनवर बदलून पाहता येतं, आणि बदल पटला तर तो सगळ्या जगासाठी घेतला जातो. एवढ्या वर्षांत तिनं ते दार कधी ढकलून पाहिलं नव्हतं. त्या रविवारी तिनं मराठीची फाइल उघडली. अगदी वरच इंग्रजीत लिहिलं होतं: ‘तूर्तास हिंदीचे नियम घेतले आहेत. मराठी येणाऱ्या कुणीतरी मदत करावी.’

“माय वं!” उज्वला मोठ्यानं म्हणाली. “हे तं कधीचे वाट पाहून राह्यले!”

तिनं आपल्या बेताच्या इंग्रजीत अडचण लिहून पाठवली. प्रकल्पाचं काम पाहणाऱ्या इनेस नावाच्या बाईंचं उत्तर आलं, मोठं आपुलकीचं. पण त्यांचीही अडचण होती. मराठी त्यांना अजिबात येत नव्हती आणि हे दोन च नेमके कसे वेगळे, ते वाचून काही त्यांच्या ध्यानात येईना. कुणी बोलून पाठवेल का?

स्वतःच्या जिभेवरचा उज्वलाचा भरवसा जरा उडालाच होता. तिनं आईला समोर बसवलं आणि फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

“माय, मी म्हनते तसंच म्हन. चुलीवर चहा ठेवला.”

“चुलीवर च्या मांडला.”

“मांडला नाई, ठेवला. अन् च्या नाई, चहा.”

“च्या ठेवते का कोनी? च्या मांडतेत. त्या बाईले उलटं काऊन शिकवतेस?”

दारात उभ्या असलेल्या किशोरचं हसू आवरेना, मोहिनी तोंडावर पदर धरून आत पळाली. चार वेळा करूनही धुरपताबाईंनी काही चहा ‘ठेवला’ नाही. शेवटी उज्वलानं हात टेकले आणि जसं होतं तसं पाठवायचं ठरवलं. रेकॉर्डिंग बंद करणार, तेवढ्यात धुरपताबाई फोनजवळ वाकून स्वतःच्याच मनानं बोलल्या, “बाई, माही पोरगी लय दिवसाची तुह्या पावन्याचं आयकून राह्यली. जरा ध्यान दे. अन् इकडं आली तं घरी येजो.”

इनेसबाईंनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं, स्वतःच्या आईलाही ऐकवलं. चूल म्हणताना जीभ दातांपाशी जाते, च्या म्हणताना ती मागे टाळूला लागते, असं त्यांनी अचूक ओळखून लिहिलं. खाली प्रश्न होता: आजी शेवटी काय म्हणाल्या? उज्वलानं अर्थ कळवला. त्यावर उत्तर आलं, ‘येणार. नक्की येणार.’

मग कामाला तोंड लागलं. उज्वलानं पहिला नियम मोठ्या झोकात लिहिला: च पुढे अ, आ, उ, ऊ, ओ आले की चुलीतला च. आपल्या मशीनवर तो बसवला आणि आईला हाक मारली. पाहुण्यानं चूल झकास म्हटलं, चवळी झकास म्हटलं, आणि पुढच्याच ओळीत चहा, चार, चंद्र, चतुर्थी या सगळ्यांना चुलीत घातलं.

“आता हा तोतरा झाला,” धुरपताबाई म्हणाल्या.

नियमाला अपवाद हवे होते, आणि ते हुडकायला सगळं घर लागलं. मोहिनी भाजी निवडता निवडता ओरडायची, “चाकवत! चुका! दोन्ही चुलीतले!” किशोर शेतातली पाण्याची मोटार बंद करून येताना वाटेत सुचलेले शब्द घेऊन यायचा आणि दारातूनच टाकायचा. “चरन? चिमनीतला ना? लिहून घे.” चटणीवरून तर नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं. मोहिनीचं माहेर अमरावतीकडचं, ती म्हणे असा, तो म्हणे तसा. उज्वलानं दोघांकडून दहा दहा वेळा चटणी म्हणवून घेतली आणि शेवटी तो शब्द बाजूला ठेवला. संध्याकाळपर्यंत घरात कुणी साधं बोलेनासं झालं होतं. जो तो आपलाच शब्द तोंडात घोळवून बघत होता.

एका दुपारी मात्र घोळ झाला. उच्चारांची फाइल तिनं सुधारली, वोझेला बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि आवाजच येईना. ना चिमणीतला, ना चुलीतला. कॉम्प्युटर चालू होता, पंखा घरघरत होता, पण पडद्यावर काय आहे हे कळायचा तिचा मार्गच तिनं स्वतःच्या हातानं बुजवला होता. तिनं वावरात फोन लावला. किशोर वांग्याच्या ओळीतून तसाच उठून आला, हातापायांना चिखल.

“दादा, शेवटच्या ओळी वाच. शब्द नाई, एकेक निशानी वाच.”

किशोर पडद्याला नाक लावून बसला. “उभी रेघ. मंग टिंब. मंग टिंबावर टिंब. मंग एक वाकडा कंस… हा उघडते, पन बंद तं होतच नाई.”

“कोन्या ओळीत?”

“चाकवताच्या.”

उज्वलानं बाण दाबत जायचं आणि त्यानं ‘वर, अजून वर, थांब’ म्हणायचं, असं करत दोघं त्या ओळीवर पोचले. तिनं कंस बंद केला, फाइल जपून ठेवली, सुरू करायची बटणं दाबली. क्षणभर काहीच नाही. मग स्पष्ट आवाज आला: “वोझेला सुरू झाला आहे.”

किशोरनं चिखलाच्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली. “आजपासून मीबी इंजिनेर!”

दिवाळीच्या सुट्टीत तिनं सगळं काम एकगठ्ठा पाठवलं. च, ज, झ, शिवाय ‘ता.’ आणि ‘जि.’ पूर्ण वाचायची सोय, सगळं एकात. इनेसबाईंनी ते परत पाठवलं. काम चांगलं आहे, त्यांनी लिहिलं, पण एका वेळी एकच गोष्ट पाठवा आणि ती का बदलली ते प्रत्येक वेळी दोन ओळींत सांगा, नाहीतर उद्या काही बिघडलं तर शोधायचं कुठे? उज्वलाला आधी वाईट वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपण पोरांच्या निबंधांवर वर्षानुवर्षं हेच लिहीत आलोय. ती खुर्चीत बसल्या बसल्या एकटीच हसली आणि गठ्ठा सोडायला बसली. आधी च गेला. मग ज. मग झ. दर खेपेला तिकडच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या आधी एखादा शब्द पकडायच्या, ती तो सुधारायची आणि पुन्हा पाठवायची.

शेवटचा बदल मंजूर झाला त्या दिवशी ती शाळेतून येऊन पाय धूत होती. फोननं ईमेल वाचला: काम स्वीकारलं, पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळेल. खाली मदत करणाऱ्यांची नावं होती. उज्वला झाडे, किशोर झाडे, मोहिनी झाडे. आणि धुरपता झाडे, आवाजासाठी.

“माहं नाव?” धुरपताबाई उभ्याच राहिल्या. “कायले? म्या तं च्या मांडला फक्त.”

पण तासाभरात त्यांनी शेजारच्या पंचफुलाबाईंना, पिठाच्या चक्कीवाल्याला आणि दळण घेऊन आलेल्या सगळ्या बायकांना ते सांगून टाकलं होतं. पोर्तुगाल नेमकं कुठे, असं कुणी विचारलं तर त्या हात लांब करून दाखवायच्या. “हे अस्सं, समुद्राच्या पल्याड. तिथं लिहून हाये माहं नाव.”

नवी आवृत्ती फोनांवर आली आणि काही दिवसांतच उज्वलाला एक अनोळखी फोन आला. आवाज भारदस्त, गाडीभर लोकांना ऐकू जाईल असा.

“झाडे मॅडम काय? मी गिरडहून खुशालराव बोलून राह्यलो. एसटीत कंडक्टर होतो. आता डोये गेले, तं फोनच पेपर वाचते मले. काल सकायी पेपर लावला अन् पाहतो तं काय, वाचनाराच बदलला! मी नातवाले म्हनलं, हा आपला मानूस कुठून आनला बे? त्यानं हुडकून तुमचं नाव अन् नंबर काढला.”

उज्वला नुसती “हो, हो” म्हणत राहिली.

“पन मॅडम, एक राह्यलं,” खुशालराव म्हणाले. “चौक, चौकट, चौकशी. हे अजून त्याच्या जुन्याच तोंडानं बोलते तो.”

उज्वलानं कपाळावर हात मारून घेतला. अ, आ, उ, ऊ, ओ! औ राहूनच गेला होता! एवढं सगळं घर शब्द शोधत होतं, आणि गावातल्या चौकातून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही तोंडी चौक आला नव्हता. ती इतकी हसली, की पलीकडे खुशालरावही हसायला लागले.

“काका, मी करते दुरुस्त,” ती म्हणाली. मग थांबली. “नाई, असं करू. तुम्हीच करा.”

“मी? मले जमन काय?”

“एका ओळीचं काम हाये. मी येते शिकवायले.”

त्या रविवारी उज्वला आणि धुरपताबाई एसटीनं गिरडला गेल्या. टेकडीवरच्या दर्ग्याला जाणाऱ्यांची गर्दी उतरली, त्यात याही उतरल्या. खुशालरावांची बायको भागीरथाबाई घ्यायला आली होती. घरी पोचल्यावर धुरपताबाई आणि भागीरथाबाई परसात चवळीचं बी बघायला गेल्या आणि आत खुशालराव नातवाच्या लॅपटॉपपुढे बसले, शेजारी उज्वला. ती सांगेल ते बटण ते शोधून दाबायचे, आणि दर बटणाला मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचे, थांब्याचं नाव घेतल्यासारखं. का बदल केला, ते त्यांनी मराठीत सांगितलं, उज्वलानं त्याचं इंग्रजी केलं. पाठवलं.

इनेसबाई बहुतेक कॉम्प्युटरपाशीच होत्या. दुपारचं जेवण आटपायच्या आत उत्तर आलं: स्वीकारलं, आणि नव्या मदतनिसाचं स्वागत. खुशालरावांनी ते परत वाचून दाखवायला लावलं, मग परसातल्या दोघींना कळावं म्हणून तिकडे तोंड करून अशी हाळी दिली, की रस्त्यावरचे दोघंजण दारात डोकावून गेले.