रंगांचे आकडे

कॉम्प्युटरच्या दुकानात त्याला सगळे ‘चिमटा’ म्हणत. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा बारीक टोकाचा चिमटा ठेवी. आणि कॅबिनेटच्या तळाशी पडलेला मुंगीएवढा स्क्रू असा अलगद उचलून आणी की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. वय चव्वेचाळीस, आवाज खालच्या पट्टीतला, हात एकदम स्थिर. गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा तर चिमट्याकडूनच, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि मालक मान डोलावत.

या चिमट्याची एक गोष्ट मात्र बायकोशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. त्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नसत. दोन्ही मिळून एक मळकट पिवळसर काहीतरी दिसे. जांभळा त्याच्या लेखी निळाच, आणि गुलाबी म्हणजे राखाडी.

एकोणिसाव्या वर्षी तो रेल्वेच्या भरतीला गेला होता. लेखी परीक्षा पास झाला, धावण्यात पास झाला, आणि डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं तिथे गारद झाला. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात म्हणे. त्याला नुसते ठिपके दिसले. मग तो एका वायरमनच्या हाताखाली लागला. तिसऱ्याच आठवड्यात एकीच्या जागी भलतीच वायर जोडली, अख्खा मजला अंधारात गेला आणि वायरमनने कोपरापासून हात जोडून त्याला घरी धाडलं.

कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत मात्र त्याचा जीव रमला. इथे प्रत्येक जोडाला आपला आकार, आपली खाच. चुकीचा जोड चुकीच्या जागी बसतच नाही. रंगाचं नाव काढायला नको! पंधरा वर्षं सुखात गेली.

आणि मग दिव्यांचं खूळ आलं. पंख्यात दिवे, रॅमच्या पट्ट्यांत दिवे, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरवर दिवे, कॅबिनेटला एका बाजूने काच. वर गिऱ्हाइकाची अट अशी की सगळे दिवे एकाच तालावर रंग बदलले पाहिजेत. पण दोन दिवसांत चिमट्याने वाट काढली. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाला तीन आकडे असतात: किती लाल, किती हिरवा, किती निळा. त्याने आकडे पाठ केले. गिऱ्हाईक ‘केशरी’ म्हणालं की याची बोटं आपोआप आकडे टाकत. रंग कसा आलाय ते तो बघतच नसे. तीन वर्षं कोणाला संशय आला नाही.

एका मंगळवारी सकाळी दुकानात एक बाई आल्या. साठी ओलांडलेली, केस आखूड कापलेले, खांद्यावर कापडी पिशवी. काउंटरवरच्या काचेच्या कॅबिनेटभोवती त्यांनी एक चक्कर मारली, दिव्यांकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, “मला एक कॉम्प्युटर बांधून हवाय. गेम खेळायला.”

“कोण खेळणार आहे?” चिमट्याने विचारलं.

“कोण म्हणजे? मी खेळणार.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. “चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता ब्रश धरवत नाही. भाचीने जहाजाचा एक गेम लावून दिला, तो कंट्रोलर मात्र दोन्ही तळव्यांत छान बसतो. दोन वर्षांत निम्मा समुद्र पालथा घातलाय मी. आता भाचीची बदली झाली आणि तिच्याबरोबर माझं जहाजही गेलं.”

चिमट्याने स्टूल पुढे सरकवलं. असं गिऱ्हाईक त्याला आवडे. समुद्र, लाटा, लांबवरची बेटं दाखवायची तर ग्राफिक्स कार्ड दमदार हवं. प्रोसेसर मध्यम ताकदीचा चालेल. पंखे मोठे घ्यायचे, म्हणजे सावकाश फिरतात आणि आवाज करत नाहीत. बाई सगळं वहीत लिहून घेत होत्या, मध्येच प्रश्न विचारत होत्या. शेवटी त्यांनी कपाटातल्या एका चकचकीत कूलरवर बोट ठेवलं. “हा हवा. देखणा आहे.”

“देखणा आहे, पण हेकट आहे,” चिमटा म्हणाला. “याचे दिवे याच्याच कंपनीचं ऐकतात. तुमचा मदरबोर्ड रंगांची लाट सोडेल आणि हा आपला एका कोपऱ्यात स्वतःचंच चालवेल. दिवे एका तालावर हवे असतील तर सगळे भाग एकाच्या शब्दात राहणारे घ्यायचे. हा साधा दिसतो, पण ऐकतो.”

“माझ्या वर्गात असाच एक होता,” बाई म्हणाल्या. “देखणा नि हेकट. बरं, साधा द्या.” मग त्यांनी काउंटरवरच्या भडक दिव्यांकडे हात केला. “आणि ही असली सर्कस नको. मला समुद्रावरचा दिवस हवाय. सकाळी लावला की पहाटेचे रंग, दुपारी पांढरं ऊन, संध्याकाळी मावळतीचे. इतकं हळू बदललं पाहिजे की कधी बदललं ते कळू नये. जमेल?”

“जमेल,” चिमटा म्हणाला. आकडे तर होतेच.

गुरुवारी दुपारी बाई मशीन बघायला आल्या. मालक बँकेत गेले होते, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. चिमट्याने अख्खा दिवस दहा मिनिटांत बसवून दाखवायची सोय केली होती. बाई हाताची घडी घालून बघत राहिल्या. पहाट झाली, सकाळ झाली. दुपारच्या पांढऱ्यावर त्यांनी हात वर केला.

“थांबवा. रॅमच्या पट्ट्या गुलाबी मारतायत. पंखे हिरवट दिसतायत. आणि कूलर निळसर.”

चिमट्याने पाहिलं. कूलर जरा वेगळा वाटला, बाकी सगळं त्याला पांढरंच दिसलं. “सगळ्यांना एकच आकडा दिलाय, बाई.”

“आकडा एक असेल. रंग तीन आहेत.”

हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. एकाच आकड्याला एका कारखान्याचा दिवा वेगळा पेटतो, दुसऱ्याचा वेगळा. तीन वर्षं त्याची गिऱ्हाइकं भडक रंग मागत आली, त्यात हा फरक खपून गेला. पांढरा आजवर कोणी मागितलाच नव्हता.

“हो, जरा जाणवतंय खरं,” तो चाचरत म्हणाला.

“कुठे हिरवट आहे, दाखवा बघू.”

त्याने कूलरवर बोट ठेवलं. बाईंनी त्याच्या बोटावरून नजर त्याच्याकडे वळवली. मग दुकानात कोणी नसतानाही आवाज खाली आणून म्हणाल्या, “लाल-हिरवा?”

चिमट्याने मान डोलावली. पंचवीस वर्षं दाबून ठेवलेलं दोन शब्दांत बाहेर आलं, आणि वर छत काही कोसळलं नाही.

“नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी एका मुलाने झाडाचं खोड हिरवं रंगवलं आणि पानं तपकिरी,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, मुद्दाम करतोय. तासभर बाकावर उभं केलं त्याला. नंतर त्याची आई येऊन सांगून गेली. इतकी वर्षं झाली, अजून ते आठवलं की घास गिळवत नाही.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, काही नाही, फक्त पिशवी खाली ठेवली. “खुर्ची द्या मला. तुम्ही आकडे बदला, मी सांगते.”

दोघं कामाला बसली. “पंख्यांचा हिरवा कमी करा. अजून. जास्त झाला, एक पाऊल मागे.” चिमटा आकडा बदले आणि वहीत टिपून घेई: अमुक पंखा, हिरवा इतका कमी. अमुक पट्टी, लाल इतका कमी. तासाभरात पांढरं पांढऱ्याला मिळालं. बाईंच्या चेहऱ्यावरून त्याला ते कळलं.

मग मावळतीची लाट सोडली आणि या वेळी चिमट्यानेच हात वर केला. “अडखळतेय.”

“काय अडखळतंय? मला तर सुरेख वाटतंय.”

“मागच्या पंख्याशी येऊन लाट अर्धा क्षण थबकते. हे बघा... आता. पुन्हा, आता.”

बाईंनी चष्मा पुसला, डोळे बारीक केले, तीनदा बघितलं. चौथ्यांदा त्यांना दिसलं. चिमट्याने बॅटरी मारून पंख्यांच्या कड्यातले दिवे मोजले. पुढच्या पंख्यांत बारा-बारा होते. मागचा पंखा कॅबिनेटबरोबरच आलेला, त्यात आठच. खोक्यावर बारा छापलेलं वाचून त्याने सॉफ्टवेअरला बारा सांगितले होते, आणि नसलेल्या चार दिव्यांतून जाताना लाट गडप होत होती. आकडा दुरुस्त केल्यावर उजेड पंख्यापंख्यांतून तेलासारखा सरकत गेला.

“मी मरेपर्यंत बघत बसले असते तरी मला हे दिसलं नसतं,” बाई म्हणाल्या.

“मला उजेड तेवढाच दिसतो ना, मग त्याच्याकडेच लक्ष जातं,” चिमटा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी दुकानात मोठ्याने हसला.

मालक परतले तेव्हा बाई निघून गेल्या होत्या. चिमट्याने मालकांना चहा दिला, दार लोटलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. मालक कप तोंडाशी धरून ऐकत राहिले.

“म्हणजे लाल आणि हिरवा... सारखेच?”

“जवळजवळ.”

“आणि तीन वर्षं तू माझ्या दुकानातली रंगीत मशीनं बांधतोयस.”

“हो साहेब.”

मालकांनी कप खाली ठेवला. “रंग बिघडला म्हणून आजवर दोन मशीनं परत आली. एक मी बांधलं होतं, एक माझ्या मेव्हण्याने.” त्यांनी चिमट्याची वही ओढून घेतली आणि बाईंनी सांगितलेले आकडे वाचू लागले. दोनदा वाचले. “अरे, हे तर सोनं आहे. प्रत्येक भागाचं असं करून ठेव. रंग बघायला मी बसतो तुझ्याबरोबर. पण आधी सांग, परवा मी घातलेला शर्ट तुला कसा दिसला?”

“चांगला दिसला.”

“बायको म्हणाली, पोपटी आहे, बाहेर घालू नका.”

रविवारी दुपारी चिमटा मशीन घेऊन बाईंच्या घरी गेला. बायकोलाही बरोबर नेलं. तिने हट्टच धरला होता. ज्या बाईंनी तासाभरात नवऱ्याच्या तोंडून एवढं काढून घेतलं, त्यांना तिला बघायचंच होतं. ती शिवणाच्या सामानाच्या दुकानात कामाला होती. कापडाचा तुकडा बघून त्याच्या रंगाचं धाग्याचं रीळ काढायचं, हे तिचं रोजचं काम. लग्न झाल्याझाल्या तिने त्याला एकदा डाळिंबी रीळ आणायला पाठवलं होतं, तेव्हा तो शेवाळी घेऊन आला. तेव्हापासून घरातले रंग तिच्याकडे.

बाईंची खोली लहानशी, खिडकीत कुंड्या, भिंतीवर जुनी चित्रं. चिमट्याने टेबलावर मशीन ठेवलं, वायरी पाठीमागून ओवून घेतल्या, बटण दाबलं. पंखे आवाज न करता फिरू लागले. पडद्यावर समुद्र आला. बाईंनी कंट्रोलर तळव्यांत घेतला, शीड उघडलं आणि दोन मिनिटांत त्या खोलीत उरल्याच नाहीत. एका खडकाला जहाज घासलं तेव्हा तेवढ्या ओरडल्या.

पाच वाजून गेले तसे काचेआडचे दिवे मावळतीकडे कलू लागले.

“अहो, अबोली झाला बघा,” बायको त्याच्या कानाशी म्हणाली.

“अबोली?” बाईंनी जहाज थांबवलं. “अबोली नाही हो तो. शेंदरी आहे.”

“शेंदरी याहून भडक असतो. रोज दहा रिळं काढते मी.”

“चौतीस वर्षं मी मुलांना शेंदरी शिकवलाय.”

“मग त्यांना चुकीचा शिकवलात!” बायको बोलून गेली आणि जीभ चावली. दोघींनाही हसू आवरेना. हसून झालं तरी भांडण मिटलं नाही. बायकोने पर्समधून रिळांचं नमुनापत्र काढलं, बाईंनी कपाटातून रंगांची जुनी पेटी. दोघी मशीनपुढे वाकून एकेक रंग काचेला लावून बघू लागल्या आणि तोवर काचेतला रंग पुढे सरकून गेला.

चिमटा खुर्चीत मागे रेलून बसला होता. त्याला उजेड दिसत होता, पुढून मागे जाणारा, कुठेही न अडणारा. डोळे धडधाकट असलेल्या दोन बायकांचं एका रंगावर एकमत होत नव्हतं, याची त्याला मनापासून गंमत वाटत होती.

“तुम्ही सांगा,” बायको वळून म्हणाली. “आकडा काय आहे त्याचा?”

“कोणाचा?” चिमटा म्हणाला. “तुम्ही बोलत होतात तो कधीच गेला. आता दुसरा चालू आहे.”