उतारावरचा दगड

खंडेनवमीला मी गाडी सपाटीवर लावली. माझा सगळा मूर्खपणा एवढाच, असं परवापरवापर्यंत मी येईल त्याला सांगत होतो.

परसूआण्णा, माझा चुलतभाऊ, दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी गेला. आता दिवाळीही होऊन गेली. त्याचं घर चढावर, माझं खाली सपाटीला. हा भूगोल ध्यानात ठेवा, कारण माझी गाडी आधी भूगोलावर चालायची, मग डिझेलवर.

गाडी जुनी, बेळगावच्या एका दलालाकडनं घेतलेली. बघायला गेलो तेव्हा आण्णा बरोबर होता. मी रंगावरनं हात फिरवत होतो, त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला. "इंजिन गरम हाय. आपून यायच्या आदीच चालू करून ठेवलंय ह्यानं. थंड हुईस्तोर थांबूया." दलालानं चहा मागवला, आणि इंजिन थंड व्हायच्या आत मी हार घालून गाडी बाहेर काढली. दुसऱ्या सकाळी किल्ली फिरवली तर दोनदा खोकली आणि गप्प. रामनगरच्या मेस्त्रीनं नुसतं ऐकून सांगितलं की इंजिनात दम उरला नाही, खोलायला लागतंय. मी म्हटलं, एवढा पावसाळा जाऊ दे. असे बरेच पावसाळे गेले.

तोवर उपाय आण्णाचा. गाडी त्याच्या दारापुढच्या उतारावर लावायची, घसरू नये म्हणून चाकाला दगडाची उटी. सकाळी मी बसलो की तो न बोलावता बाहेर यायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, पायानं दगड उडवायचा आणि मागनं खांदा द्यायचा. खालच्या नाल्यापर्यंत इंजिन धरायचं. मागं निळ्या धुरात आण्णा खोकत उभा, आणि मी आरशात बघून हात हलवायचो... राजासारखा. गणेशगुडीपलीकडच्या जंगलातनं एकेकाळी लाकडाची लॉरी हाकलेला माणूस तो. कधीतरी म्हणायचा, "एकदा स्टेरिंग दे की मला बी." ह्या गाडीचा क्लच वेगळा आहे, तुला जमायचं नाही, असं मी ऐकवायचो. तो हसायचा. "व्हय बाबा. तू सायब, मी क्लीनर."

त्या खंडेनवमीला मला हौस आली. वाहनपूजा आपल्या दारात व्हावी, वाडीनं बघावी. गाडी खाली आणून धुतली, झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं चिरडली. इंजिन गरम आहे तोवर वर नेऊन लाव, असं आण्णानं कट्ट्यावरनं सांगितलं. मी म्हटलं, राहू दे आज इथंच, छान दिसतीय.

उजाडताना वैनीनं हाक मारली. आण्णाच्या छातीत कळ, अंगाला दरदरून घाम. वाडीत दुसरी गाडी नाही, फोनला रेंज नाही. तो वैनीच्या आधारानं चालत खाली आला आणि मागच्या सीटवर बसला. मी किल्ली फिरवली. खोकली. परत फिरवली. परत... मग बॅटरीही मेली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, ओकारी येतीय. आरशात बघितलं, तर आण्णा डोक्याला टॉवेल गुंडाळत होता. वैनी त्याला मागं ओढत होती.

"सोड," तो म्हणाला. "ह्याला एकट्याला जमायचं न्हाई."

दोघांनी खांदे लावले. मी स्टेरिंग घट्ट धरून ओरडत होतो की आण्णा, अजून थोडा जोर लाव.

इंजिन धरलं. सपाटीवर पहिल्यांदाच धरलं. खरं सांगतो, मी आरशात बघून हात हलवला... सवय. धूर निवळला तेव्हा आण्णा रस्त्यात बसला होता आणि वैनीनं त्याचं डोकं धरलं होतं. रामनगरच्या दवाखान्यापर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. तिथं पोचेपर्यंत तो संपला होता. त्याला घेऊन परत निघालो, तेव्हा तर एका किल्लीत चालू झाली. इंजिन गरम होतं.

गाडी अजून त्याच्याच उतारावर असते. दगड आता मीच काढतो, आणि किल्ली फिरवायच्या आधी त्याच्या दाराकडं बघतो. परवा वैनी दारात तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, वैनी, ही अवदसा भंगारात घालतो, हिनं माझा आण्णा नेला.

तिनं सुपावरनं मान वर केली नाही. "गाडीला कशाला बोल लावता, भावजी? स्टेरिंगवर त्यांस्नी बसवायचं हुतं. तुमी उतरून ढकलायचं."